आरोग्य केंद्राचे आकडे मागितले, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारले. पहिलं अपील कसं लिहू?

मोल्डिंगवाला, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. राहायला कोल्हापुरात, पण गाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला. गावाचं, तालुक्याचं आणि ज्या कार्यालयानं अर्ज नाकारला त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या केंद्रातल्या सिस्टर चांगल्या आहेत, त्यांच्या मागं कुणी लागलेलं मला नको आहे.

डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. आमच्याकडं ही वीस हजार माणसं वाड्यावाड्यांत पसरलीत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की निम्म्या वाड्यांचा केंद्राशी संबंध तुटतो. गावात बरीच वर्षं एकच बोलणं ऐकतोय, की तिथं बाळंतपण करत नाहीत, बाई गेली की पुढं पाठवतात. कुणी म्हणतं डॉक्टर नसतात, कुणी म्हणतं गाडी बंद असते. माझ्या चुलतभावाच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा केंद्रातनं पुढं न्यायला सांगितलं. त्यांची गाडी दुरुस्तीला गेलेली. शेवटी वडापची जीप ठरवून तिला सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. आई-बाळ दोघं सुखरूप आहेत.

ग्रामसभेत मी हा विषय काढला. समोरनं उत्तर आलं, “एका केसवरनं बोलू नका, आकडे आणा.” ते मला पटलं. खरंच पटलं. आमच्या शॉपच्या दारात रोज सकाळी फळ्यावर लिहितात, काल किती कास्टिंग ओतली आणि त्यातली किती रिजेक्ट झाली. तो फळा नसेल तर दोष वाळूत आहे, धातूत आहे की माणसात, हे कुणालाच कळणार नाही, नुसती भांडणं होतील. आमच्या केंद्राबद्दल सध्या तेच चाललंय, नुसती भांडणं.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. मागितलं ते एवढंच: गेल्या तीन आर्थिक वर्षांत महिन्यावार केंद्रात किती बाळंतपणं झाली, किती बायकांना पुढं पाठवलं, रुग्णवाहिका किती दिवस बंद होती, आणि डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर यांची मंजूर पदं किती व भरलेली किती. एकाही बाईचं नाव मागितलं नाही.

अर्ज गेल्यावर आधी फोन आला, “ही माहिती तुम्हाला कशासाठी पाहिजे?” मी सांगितलं, ग्रामसभेत मांडायला. मग तीस दिवसांची मुदत उलटून गेली आणि त्यानंतर एका पानाचं पत्र आलं. त्यात तीन कारणं दिलीत. माहिती रुग्णांच्या वैयक्तिक तपशिलाशी संबंधित असल्यानं कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही. माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. आणि माहिती व्यापक असल्यानं कार्यालयाच्या कामकाजावर परिणाम होईल, सबब कलम ७(९). खाली सही, शिक्का. अपील कुणाकडं करायचं याबद्दल एक ओळही नाही.

एप्रिलमध्ये किती बाळंतपणं झाली याचं उत्तर म्हणजे एक आकडा. त्या आकड्याला नाव नाही, वाडी नाही, जात नाही. मग तो कुणाची वैयक्तिक माहिती कसा होतो? आणि माहिती जर संकलितच नाही, तर या केंद्राला किती औषध, किती माणसं, किती डिझेल लागतं हे वरचे लोक कशावरनं ठरवतात?

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. पहिल्या अपिलात काय लिहू, आणि सोबत नवा अर्ज करू का? १ मेच्या ग्रामसभेआधी हातात काहीतरी यावं अशी माझी इच्छा आहे.

---

आरोग्य_निवृत्त

दादा, मी आरोग्य खात्यात सांख्यिकीच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झालो. कायद्याचं इथले वकीलसाहेब सांगतील. मी फक्त तुमच्या दुसऱ्या कारणाबद्दल लिहितो, कारण ‘संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. आमची सगळी हयात संकलनात गेली.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एका बाळंतपणाची नोंद किती ठिकाणी होते ते बघा. बाई आली की आंतररुग्ण नोंदवहीत तिचं नाव चढतं. प्रसूती कक्षाच्या नोंदवहीत वेळ, बाळाचं वजन, कुणी प्रसूती केली हे लिहिलं जातं. तिला पुढं पाठवलं तर संदर्भ सेवेच्या नोंदवहीत कुठं पाठवलं आणि का पाठवलं हे येतं. महिना संपला की या वह्यांतल्या बेरजा मासिक अहवालात जातात, त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही होते, आणि तोच अहवाल एचएमआयएस या आरोग्य खात्याच्या माहिती पोर्टलवर भरला जातो. हे पोर्टल देशात २००८ पासून चालू आहे. त्यात केंद्रनिहाय, महिन्यावार प्रसूती, जिवंत जन्म, मृत जन्म, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं, बाह्यरुग्ण, आंतररुग्ण हे सगळं असतं. उपकेंद्राचा अहवाल केंद्राकडं, केंद्राचा तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला अशी साखळी आहे, आणि दर महिन्याच्या बैठकीत त्याच आकड्यांवरून वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले जातात. तेव्हा बाळंतपणांची महिन्यावार संख्या संकलित नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आधी स्वतःच्या सहीचे अहवाल उघडून बघावेत.

विधानसभेत तारांकित प्रश्न लागला की हीच माहिती आम्ही रात्री बसून काढून देत होतो. तालुक्यांना फोन जायचे, सकाळी तक्ता तयार असायचा. ‘कामकाजावर परिणाम होईल’ असं उत्तर तेव्हा आमच्यापैकी कुणी दिलं नाही, देता आलंही नसतं.

आता एक बारकावा, जो तुमच्या फार उपयोगाचा आहे. तुमच्या चार मागण्यांपैकी तीन कागदावर तयार आहेत, एक नाही. प्रसूतींची संख्या मासिक अहवालात आहे. पुढं पाठवलेल्यांची नोंद संदर्भ सेवेच्या वहीत आहे, तिची बेरीज पानागणिक करता येते. मंजूर, भरलेली, रिक्त पदं यांचं विवरण आस्थापना शाखा नियमित वर पाठवते, तो तर एका पानाचा तक्ता असतो. पण ‘रुग्णवाहिका किती दिवस बंद होती’ हा आकडा तसा कुठंच लिहिलेला नसतो. तो लॉगबुकातून काढावा लागतो. लॉगबुकात तारीख, कुठून कुठं, निघतानाचं आणि पोचल्यावरचं किलोमीटर, ड्रायव्हरची सही असं सगळं असतं. ज्या दिवसांची नोंद नाही ते दिवस, आणि गॅरेजची दुरुस्तीची बिलं, हे शेजारी ठेवलं की गाडी कधी उभी होती ते तुमचं तुम्हालाच दिसेल. म्हणून तिथं ‘किती दिवस’ असा प्रश्न ठेवू नका. ‘अमुक ते अमुक काळातल्या लॉगबुकाच्या आणि दुरुस्ती बिलांच्या प्रती’ असं मागा. प्रश्नाला नाही म्हणता येतं, वहीला नाही म्हणणं अवघड असतं.

अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडी १०८ ची की १०२ ची, हे स्पष्ट लिहा. १०८ ची सेवा वेगळ्या यंत्रणेतून चालते, तिचं लॉगबुक केंद्रात नसतं. गरोदर मातेला केंद्रात आणणं, तिथून पुढं नेणं आणि घरी सोडणं हे जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि त्यासाठी केंद्राची स्वतःची जी १०२ ची गाडी असते तिचं लॉगबुक केंद्रातच सापडेल. अर्जात नुसतं ‘रुग्णवाहिका’ लिहिलं तर ‘ही बाब आमच्याशी संबंधित नाही’ एवढ्यावर पत्र परत येऊ शकतं.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांचं इतिवृत्त मागितलं नसेल तर तेही मागा. गाडी नादुरुस्त असेल, प्रसूती कक्षातलं एखादं यंत्र बंद असेल, तर बहुतेक वेळा त्याची पहिली लेखी खूण तिथंच असते. खर्चाला मंजुरी घ्यावी लागते ना.

---

बावड्याचा वकील

वर काकांनी अर्धं काम केलं आहे. कायद्याचं मी लिहितो.

आधी मुदत. पत्र हातात पडल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करायचं, कलम १९(१). जोडपत्र ‘ब’ चा नमुना, त्यावर वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पत्रात अपिलीय अधिकाऱ्याचं नाव नसेल तरी ‘प्रथम अपिलीय अधिकारी’ म्हणून त्याच कार्यालयाच्या पत्त्यावर द्या. आवक शाखेत शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. नाकारताना कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणं कलम ७(८) नं बंधनकारक केलं आहे, तेव्हा ते नसणं हाच अपिलातला पहिला मुद्दा करा.

पत्र मुदतीनंतर आलं म्हणता. ते ज्या पाकिटातून आलं ते पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा, टपालाचा शिक्का हा तुमचा पुरावा आहे. तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकार समजायचा, कलम ७(२). आणि मुदत उलटल्यावर जी माहिती द्यावी लागेल ती विनामूल्य द्यावी लागते, कलम ७(६). तीन वर्षांच्या लॉगबुकाच्या प्रती दोन रुपये पानानं बऱ्याच होतील, ते पैसे तुमचे वाचतात.

आता ८(१)(ञ). हे कलम अलीकडं बदललं आहे हे माहीत असू द्या, नाहीतर सुनावणीत समोरचा तुम्हाला गोंधळात टाकेल. पूर्वी त्यात असं होतं, की जी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा जिच्यामुळं खासगीपणावर नाहक आक्रमण होईल ती नाकारता येते, आणि व्यापक जनहित असेल तर देता येते. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही असा परंतुक होता. काकांनी तारांकित प्रश्नाचं जे लिहिलं ते याच परंतुकाखाली फार कामाला यायचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या कलम ४४(३) नं हे सगळं काढून टाकलं आणि तिथं फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं. ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तेव्हापासून हे कलम फार सैल हातानं वापरलं जातंय, आणि माझ्या मते तुमचं पत्र हा त्याचाच नमुना आहे.

पण दुरुस्तीनंतरही तुमची बाजू पक्की आहे. त्याच डेटा कायद्यात वैयक्तिक डेटा म्हणजे काय ते सांगितलं आहे: ज्यावरून किंवा ज्याच्या संबंधानं एखादी व्यक्ती ओळखता येते असा डेटा. ‘जुलै महिन्यात केंद्रात झालेल्या प्रसूती’ या संख्येवरून कुठलीही बाई ओळखता येत नाही. रिक्त पदावर तर व्यक्तीच नाही. गाडीला खासगीपणा नाही. दुसरं, कलम ८(२) तसंच शाबूत आहे, म्हणजे जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. तिसरं, कलम १०. लॉगबुकात किंवा संदर्भ वहीत रुग्णाचं नाव असेल तर ते झाकून बाकीचं द्यायचं, अख्खी वही नाकारायची नाही. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. हे वाक्य अपिलात जरूर लिहा.

कलम ७(९) माहिती नाकारण्यासाठी नाहीच. ज्या स्वरूपात मागितली त्या स्वरूपात देताना साधनसामग्री बेसुमार वळवावी लागत असेल, तर दुसऱ्या स्वरूपात द्या, एवढंच ते म्हणतं. तुम्ही अपिलात स्वतःच दुसरं स्वरूप सुचवा: तक्ता करून देणं जड जात असेल तर मासिक अहवालांच्या प्रती द्या, त्याही जड जात असतील तर अभिलेख पाहू द्या.

‘संकलित नाही’ या उत्तराच्या मागं बहुधा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय हा निकाल असतो. त्यात असं म्हटलं आहे, की जी माहिती अस्तित्वात नाही ती गोळा करून, जुळवून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही. त्याच्या विरोधात वाद घालत बसू नका, त्याच्या आत राहून मागा. काकांनी सांगितलं तसं, वही मागा, अहवाल मागा. जे अस्तित्वात आहे ते द्यायलाच लागतं असंही तोच निकाल सांगतो.

नव्या अर्जाबद्दल विचारलंत. हो, करा. अपील थांबवू नका आणि अर्जही थांबवू नका. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. तुमच्या अर्जात प्रसूती, गाडी आणि पदं असे तीन विषय आहेत. तीन वेगळे अर्ज करा, प्रत्येकी दहा रुपये. पदांचा अर्ज सगळ्यात आधी टाका, त्याला नाही म्हणायला जागाच नाही.

ग्रामसभेआधी काहीतरी हवं असेल तर मात्र अर्जापेक्षा जवळची वाट आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. कलम २(ञ) मध्येही पाहणी करणं, टिपणं काढणं हा माहितीच्या हक्काचाच भाग धरला आहे. आदल्या आठवड्यात लेखी कळवा, की येत्या सोमवारी अमुक वर्षाचे मासिक अहवाल पाहायला येत आहे. सोबत एक माणूस घेऊन जा. एकानं वाचायचं, एकानं लिहायचं.

पहिल्या अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. तिथं नाही झालं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं वेळ लागतो, प्रलंबित अपिलांच्या बाबतीत आपलं राज्य देशात वरच्या क्रमांकांत आहे. जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकारही आयोगालाच आहे, पहिल्या अपिलात तो मागून उपयोग नाही. आणि आयोगाच्या आदेशाविरुद्ध रिट करायची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आहे, त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

---

उपकेंद्रातली ताई

मी आरोग्य सेविका आहे, तुमच्या तालुक्यातली नाही. दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे पहिल्याच परिच्छेदात कळलं, म्हणून मनातलं लिहिते.

आकडे बाहेर आले की पहिला जाब आम्हाला विचारतात. गावात कागद पोचतो, त्यात दिसतं की वर्षात अमक्या बायका पुढं पाठवल्या, आणि लोक थेट सिस्टरच्या क्वार्टरवर येतात. पुढं का पाठवलं हे कागदावर नसतं. पहिलटकरीण, रक्तदाब वाढलेला, हिमोग्लोबिन कमी, आडवं मूल, अशा बाईला केंद्रात ठेवून घेणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळणं. तिला वेळेत पुढं पाठवणं हे आमचं काम नीट झाल्याचं लक्षण आहे. पुढं पाठवलेल्यांचा आकडा मोठा दिसला म्हणजे केंद्र वाईट, असं कुणी समजू नये. नुसता आकडा नका मागू, पाठवण्याचं कारण पण मागा. वहीत तो रकाना असतो.

दुसरं, मृत जन्म आणि माता मृत्यू. हे आकडे उपकेंद्रनिहाय आणि महिन्यावार मागू नका, हात जोडून सांगते. वीस हजारांच्या केंद्रात महिन्याला फार तर एखादी अशी घटना असते, वाडीच्या पातळीवर तर वर्षातूनही क्वचितच. नाव झाकलं तरी सगळ्या वाडीला कळतं कुणाची. त्या बाईनं आधीच मूल गमावलेलं असतं, त्यावर ग्रामसभेत तिची चर्चा नको. वकीलसाहेब म्हणतात संख्येवरून माणूस ओळखता येत नाही, पण एक ही संख्या असली तर ओळखता येतो. पूर्ण केंद्राचा, वर्षाचा मिळून आकडा मागा. त्यातनं कुणी उघडं पडत नाही.

आणि पदांचा तक्ता मागणार आहात ते फार बरं आहे. डोंगरात तीन हजार लोकांमागं एक उपकेंद्र धरलंय. शेजारचं पद रिकामं राहिलं की तिथला कार्यभार आमच्याकडंच येतो. लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, पोर्टलवर नोंदी, सगळं दोन्ही ठिकाणचं. तो तक्ता ग्रामसभेत आधी वाचा आणि मग बाळंतपणांचा. त्याच क्रमानं वाचा.

---

मोल्डिंगवाला, कोल्हापूर

काका, वकीलसाहेब, ताई, तिघांचे मनापासून आभार.

ताई, तुमचं म्हणणं मी पूर्ण मानतो. मृत जन्म आणि माता मृत्यू मी मागितलेच नव्हते आणि नव्या अर्जातही मागणार नाही. पुढं पाठवल्याच्या कारणाचा रकाना मात्र मागतो, नावं झाकून. माझ्या भावजयीला पुढं पाठवलं तो निर्णय बरोबरच असेल, डॉक्टरांनी पाहिलं असेल काहीतरी. माझा प्रश्न गाडीचा आहे. पुढं पाठवायचं ठरल्यावर तिला जीप शोधायला लागली, हे चुकीचं आहे, आणि त्यात सिस्टरचा दोष नाही. सिस्टर तर जीप निघेपर्यंत दारात उभ्या होत्या.

पदांचा तक्ता आधी वाचायचा, हे पण ठरलं.

अपिलाचा मसुदा केलाय, मुख्य भाग खाली देतो. चूक असेल तर सांगा.

‘मी मागितलेली माहिती संख्यात्मक असून तीत कोणत्याही रुग्णाचे नाव, पत्ता वा ओळख पटेल असा तपशील मागितलेला नाही. त्यामुळे कलम ८(१)(ञ) लागू होत नाही. संदर्भ सेवा नोंदवही व वाहनाच्या लॉगबुकात रुग्णांची नावे असल्यास ती कलम १० नुसार झाकून उर्वरित भाग द्यावा. प्रसूतींची महिन्यावार संख्या वैद्यकीय अधिकारी यांच्या सहीच्या मासिक अहवालात व एचएमआयएस पोर्टलवरील नोंदीत अस्तित्वात आहे, त्या अहवालांच्या प्रती द्याव्यात. कलम ७(९) हे माहिती नाकारण्याचे कारण नसून स्वरूप बदलण्याची तरतूद आहे, तक्ता करणे शक्य नसल्यास प्रती द्याव्यात अथवा अभिलेखांची पाहणी करू द्यावी. नकाराच्या पत्रात कलम ७(८) नुसार अपिलाची मुदत व अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील दिलेला नाही. नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार जन माहिती अधिकारी यांची आहे. उत्तर मुदतीनंतर दिल्याने माहिती कलम ७(६) नुसार विनामूल्य मिळावी.’

पाकीट आहे माझ्याकडं. त्यावरची तारीख वाचता येते.

एक शंका राहिली. सोमवारच्या पाहणीला मी गेलो आणि “आज साहेब नाहीत” म्हणाले तर? मला त्यासाठी पाळी बदलून घ्यावी लागते, वरचेवर जमत नाही.

---

आरोग्य_निवृत्त

मसुदा चांगला झालाय. एकच दुरुस्ती. ‘मासिक अहवाल’ एवढंच न लिहिता ‘प्राथमिक आरोग्य केंद्राचा एचएमआयएस मासिक अहवाल, एप्रिल ते मार्च’ असं वर्षानुसार लिहा. केंद्रात मासिक अहवाल डझनभर प्रकारचे जातात, हिवतापाचा वेगळा, क्षयाचा वेगळा, लसीकरणाचा वेगळा. नेमका लिहिला नाही तर दुसराच कुठला तरी हातात पडेल.

पाहणीला जाल तेव्हा मार्च महिना आधी उघडा. वर्षअखेरच्या अहवालात पूर्ण वर्षाची बेरीज असते. वेळ कमी पडला तरी तीन वर्षांच्या तीन बेरजा हातात येतील, ग्रामसभेला तेवढ्यावर सुरुवात करता येते. मग लॉगबुक घ्या, आणि त्यात जून ते सप्टेंबर आधी. तुमच्याकडं गाडी लागते ती तेव्हाच.

---

बावड्याचा वकील

साहेब नाहीत म्हणाले तर त्याच टेबलावर बसून चार ओळींचा अर्ज लिहा: आज अमुक तारखेला, दुपारी अमुक वाजता पाहणीसाठी आलो, अभिलेख दाखवले नाहीत, पुढचा सोमवार द्यावा. त्यावर आवकचा शिक्का घ्या. तो कागद पहिल्या अपिलाच्या सुनावणीत जोडायचा. माझा अनुभव असा, की शिक्का मागितला की बहुतेक वेळा वही निघते.

मसुद्यात बाकी काही बदलू नका. अपील या आठवड्यात द्या, पदांचा अर्ज त्याच दिवशी त्याच टेबलावर, म्हणजे पाळी एकदाच बदलावी लागेल. सुनावणीची नोटीस आली की इथं लिहा. तारीख सोयीची असेल तर मी सोबत येतो, फी वगैरे काही नको.

---

उपकेंद्रातली ताई

दादा, लॉगबुक बघताना ड्रायव्हरच्या सहीकडं पण लक्ष द्या. कितीतरी ठिकाणी गाडी धडधाकट उभी असते आणि ड्रायव्हरचं पद रिकामं असतं, नाहीतर कंत्राट संपलेलं असतं. तसं असेल तर ग्रामसभेचा ठराव गाडीसाठी करू नका, ड्रायव्हरसाठी करा. नवी गाडी मागितली तर वर्षानुवर्षं येणार नाही.